कॅड शिकताना नेमके काय शिकायचे असते?

28 ऑक्टोबर 2024 रोजी बडोद्यात टाटा आणि एअरबस यांच्या सी-295 विमानांच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. भारतीय हवाई दलाने मागवलेल्या 56 विमानांपैकी 40 विमाने आपल्या शहरात तयार होणार, ही बातमी त्या दिवशी घरोघरी चर्चेत होती. तेव्हापासून दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर या भागांतल्या मराठी घरांतून 'कॅड शिकून घ्यावे का?', म्हणजे संगणकावर वस्तूंचे आराखडे करायला शिकावे का, हा प्रश्न मला पुष्कळ वेळा विचारण्यात आला आहे. विचारणाऱ्यांत आयटीआयला जाणारा मुलगा असतो, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, वीस वर्षे लेथ चालवलेले काका असतात, आणि घरच्या घरी लाकडी खेळणी किंवा दिवे बनवून विकू पाहणाऱ्या ताईही असतात. या सगळ्यांच्या बोलण्यात उत्सुकता असतेच, पण 'आपल्याला हे झेपेल का' ही धास्ती तिच्यापेक्षा जास्त असते.

ती धास्ती अस्थानी आहे असे नाही, फक्त तिचा रोख चुकतो. नवखा माणूस पडद्यावरच्या शेकडो बटणांना घाबरतो, पण बटणे महिनाभरात हाताखालची होतात. खरे कष्ट असतात ते जी वस्तू बनवायची तिच्याबद्दल ठाम निर्णय घेण्याचे: कोणते माप पक्के धरायचे, कोणते माप दुसऱ्यावर अवलंबून ठेवायचे, आणि कोणते मोकळे सोडले तर चालेल. हा लेख मुख्यतः या निर्णयांविषयी आहे. बटणांची माहिती त्यात ओघाने येईल तेवढीच.

कॅड म्हणजे काय

कॅड हे कॉम्प्युटर एडेड डिझाइनचे लघुरूप. म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तूचा मोजमापांसह आराखडा तयार करणे. पूर्वी हे काम ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपर यांच्यावर होत असे. एखादे भोक पाच मिलिमीटर सरकवायचे झाले तर ट्रेसिंगवरची शाई ब्लेडने हलकेच खरवडून नवी रेघ ओढावी लागे, शेजारची तीन मापे हाताने बदलावी लागत, आणि अमोनिया प्रिंट पुन्हा काढून कारखान्यात पाठवावी लागे. एक माप बदलायचे राहून गेले तर ती चूक थेट लोखंडात उतरत असे.

1963 साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड या संशोधकाने 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्रॅम सादर केला. टीएक्स-2 नावाच्या अवाढव्य संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून त्यात रेषा काढता येत होत्या. पण त्या प्रोग्रॅमचे मोठेपण रेषा काढण्यात नव्हते. 'या दोन रेषा समांतर राहिल्या पाहिजेत', 'या दोन बाजू सारख्या असल्या पाहिजेत' असे त्याला सांगता येत असे, आणि पुढे आकृती कशीही ओढली तरी प्रोग्रॅम त्या अटी पाळत असे. आजच्या बहुतेक कॅड सॉफ्टवेअरचा गाभा हाच आहे.

1982 च्या अखेरीस ऑटोकॅड आले आणि संगणकावरचे रेखाटन साध्या पीसीवर उतरले. 1988 च्या सुमारास प्रो-इंजिनिअर या सॉफ्टवेअरने पॅरामेट्रिक पद्धत रूढ केली. पॅरामेट्रिक म्हणजे आकारातली मापे बदलती ठेवून, त्यांची एकमेकांशी असलेली नाती नोंदवून वस्तू उभी करणे. 1994 साली बोइंग 777 हे विमान पहिल्यांदा उडाले, तेव्हा त्याचा आराखडा जवळजवळ पूर्णपणे कॅटिया या सॉफ्टवेअरवर, म्हणजे संगणकातच जुळवून पाहिलेला होता.

मापांची नाती: शिवणकामात रोज दिसणारी गोष्ट

पॅरामेट्रिक हा शब्द जड वाटतो, पण त्यामागची रीत घरात ब्लाउज शिवणाऱ्या कुठल्याही बाईंना पाठ असते. कापड बेतताना त्या पुढच्या भागाची रुंदी 'छातीचा चौथा भाग अधिक सैलपणा' अशी धरतात, आणि गळ्याची रुंदी छातीच्या बाराव्या भागावरून काढतात. गिऱ्हाईक बदलले की मूळ माप बदलते. 34 च्या जागी 38 आले की उरलेली मापे त्याच नियमाने आपोआप ठरतात आणि बेतण्याची पद्धत तीच राहते. शिवाय कामाचा क्रमही ठरलेला असतो: आधी उंची, मग मुंढा, मग गळा. मुंढा आखण्याआधी गळा कापला तर पुढे सगळे बिघडते, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

पॅरामेट्रिक कॅडमध्ये हेच तीन भाग असतात. एक म्हणजे मूळ मापे. दुसरे, त्यांच्यावरून निघणारी मापे. तिसरा, वस्तू घडवण्याचा क्रम, जो सॉफ्टवेअर एका यादीत साठवून ठेवते. यादीतल्या कुठल्याही पायरीवर मागे जाऊन माप बदलता येते आणि पुढच्या पायऱ्या नव्या मापाने पुन्हा घडतात. माझ्या ओळखीच्या एक काकू तीस वर्षे शिवणकाम करीत आल्या आहेत. त्यांना हा भाग पाच मिनिटांत कळला, आणि त्याच वेळी शेजारी बसलेला, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा त्यांचा भाचा मात्र प्रत्येक माप सुटेसुटे टाकीत बसला होता.

एक ब्रॅकेट, जवळून

उदाहरणादाखल पडद्याची दांडी धरणारा ब्रॅकेट घेऊ. भिंतीवर स्क्रूने बसणारी एक पट्टी, तिच्यातून पुढे आलेला हात, आणि हाताच्या टोकाला दांडी अडकवायचे कडे. इतकी साधी वस्तू. दांडी 25 मिलिमीटरची आहे. फ्रीकॅड हे मोफत सॉफ्टवेअर वापरू, कारण ते कोणालाही डाउनलोड करता येते. इतर सॉफ्टवेअरमध्येही रीत जवळपास हीच असते.

आधी स्केच काढायचे, म्हणजे सपाट पृष्ठभागावरची आकृती. पट्टीसाठी एक आयत काढला की सॉफ्टवेअर कळवते की आकृतीला अजून चार मोकळिका आहेत: तिची रुंदी बदलू शकते, उंची बदलू शकते, ती डावी-उजवीकडे सरकू शकते आणि वर-खालीही सरकू शकते. आता एकेक बंधन घालायचे. आयताचे समोरासमोरचे दोन कोपरे मध्यबिंदूभोवती सममित ठेवले की दोन मोकळिका संपतात. रुंदी 40 आणि उंची 60 लिहिली की उरलेल्या दोनही संपतात. आकृती हिरवी होते. ती हिरवी झाली याचा अर्थ, आता या आकृतीबद्दल अंदाज बांधायला कुठेही जागा उरलेली नाही.

मग स्क्रूची दोन भोके. दोन वर्तुळे काढली की सहा मोकळिका वाढतात, कारण प्रत्येक वर्तुळाच्या केंद्राचे स्थान दोन अंकांनी ठरते आणि व्यासाचा तिसरा अंक असतो. दोन्ही केंद्रे उभ्या अक्षावर आणली की दोन मोकळिका गेल्या. दोन्ही वर्तुळे समान ठरवली की एक गेली, आणि एकाचा व्यास 5 लिहिला की दुसऱ्याचाही तोच झाला. केंद्रांतले अंतर येथे 40 असे थेट लिहिता आले असते, परंतु त्याऐवजी 'पट्टीची उंची वजा 20' असे लिहायचे, म्हणजे वरून आणि खालून दहा-दहा मिलिमीटर कड कायम राहील. आणि वरचे केंद्र मध्यापासून त्या अंतराच्या निम्म्यावर ठेवायचे. आकृती पुन्हा हिरवी होते. या स्केचला 5 मिलिमीटर जाडी दिली, ज्याला फ्रीकॅडमध्ये पॅड म्हणतात, की भोकांसहित पट्टी तयार होते.

यानंतर पट्टीच्या मध्यातून जाणाऱ्या उभ्या समतलावर, बाजूने दिसेल तसे, हाताचे स्केच काढायचे: भिंतीपासून कड्याच्या केंद्रापर्यंत 70, कड्याचे आतले भोक 'दांडी अधिक 1' म्हणजे 26, बाहेरचा व्यास 'भोक अधिक 10' म्हणजे 36. त्याला दोन्हीकडे मिळून 12 मिलिमीटर जाडी दिली की ब्रॅकेट पूर्ण झाला. पडद्यावर तो फिरवून पाहिला तर अगदी दुकानातल्यासारखा दिसतो, आणि नवख्या माणसाला येथे जो आनंद होतो तो खराच असतो.

पण हा ब्रॅकेट भिंतीवर बसवता येणार नाही. स्क्रूचे भोक मध्यापासून 20 मिलिमीटरवर आहे, आणि त्याच्या बरोबर समोर असलेल्या कड्याची बाहेरची कड मध्यापासून 18 वर येते. मधली जागा उरली दोन मिलिमीटर. सहा मिलिमीटर जाडीच्या पेचकसाला अक्षापासून तीन मिलिमीटर तरी जागा लागते, त्यामुळे तो कड्याला अडेल आणि स्क्रूपर्यंत सरळ पोहोचणारच नाही. स्केचे हिरवी आहेत, एकही चूक दाखवली जात नाही, तरीही वस्तू निरुपयोगी आहे. कारण स्क्रू कोणीतरी, कुठल्यातरी हत्याराने, समोरून पिळणार आहे हे सॉफ्टवेअरला कोणी सांगितलेले नाही.

दुरुस्ती मात्र एका अंकाची आहे. पट्टीची उंची 60 च्या जागी 80 केली की भोकांतले अंतर स्वतःहून 60 होते, भोके मध्यापासून 30 वर जातात, आणि पेचकसाला भरपूर जागा मिळते. अंतर थेट 40 लिहिले असते तर पट्टी वाढली असती आणि भोके जागच्या जागी राहिली असती. घरातली दांडी 19 ची असती तर कड्याचा बाहेरचा व्यास 30 झाला असता आणि मूळच्या 60 च्या पट्टीतही पेचकस शिरला असता, हेही मापाचा एक अंक बदलून लगेच पाहता येते.

पुढची पायरी मागच्यावर उभी असते

पायऱ्यांच्या यादीचा एक तोटाही आहे, आणि पहिल्या काही आठवड्यांत कॅड सोडून देणाऱ्यांपैकी बरेच जण याच ठिकाणी अडतात. समजा, ब्रॅकेटच्या एका कडेला आपण गोलाई दिली आणि नंतर मागे जाऊन मूळ स्केचमध्ये एक कोपरा वाढवला. सॉफ्टवेअरने 'सहाव्या क्रमांकाची कड' असे काहीतरी लक्षात ठेवलेले असते. कोपरा वाढल्याने कडांचे क्रमांक बदलतात, आणि गोलाई भलत्याच कडेवर जाते किंवा यादीत चुकीची खूण दिसते. फ्रीकॅडची ही जुनी दुखरी नस होती. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 1.0 आवृत्तीत ती बऱ्याच अंशी आटोक्यात आणली गेली, पण हा धोका पूर्ण गेला असे कोणत्याच सॉफ्टवेअरबाबत समजू नये. गोलाई आणि तासलेल्या कडा शेवटी द्याव्यात. स्केच शक्यतो तयार पृष्ठभागावर न काढता मूळ अक्षांच्या समतलांवर काढावे. पायऱ्यांना 'पट्टी', 'कडे', 'स्क्रूची भोके' अशी नावे द्यावीत. एवढी शिस्त पाळली तर अशी मोडतोड क्वचितच होते.

'मला चित्र काढता येत नाही'

येणेही आवश्यक नाही. वर जी आकृती काढली तिच्यात हाताच्या सफाईचा काहीच संबंध आला नाही. आयत वेडावाकडा ओढला तरी बंधनांनी तो सरळ होतो. लागते ती वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसेल हे मनात उभे करण्याची सवय. ही सवय लावण्यासाठी संगणक सुरू करण्याआधी आठवडाभर घरातल्या वस्तू वहीत तीन बाजूंनी काढाव्यात आणि व्हर्निअरने, म्हणजे बारीक मापे घेणाऱ्या सरकत्या पट्टीने, मोजून मापे टाकावीत, असे मी सुचवेन. काडेपेटीपासून सुरुवात करून नळाची चावी, मिक्सरचे झाकण असे चढत जावे. व्हर्निअर पट्टी हजारभर रुपयांच्या आत मिळते आणि कॅड शिकणाऱ्याने करावयाची पहिली खरेदी, माझ्या मते, तीच आहे.

'गणित कच्चे आहे'

बेरीज-वजाबाकी, कोन, वर्तुळाची त्रिज्या-व्यास आणि आलेखावर बिंदू मांडणे एवढे आठवीपर्यंतचे गणित पुष्कळ झाले. जास्त गोंधळ होतो तो एककांचा. यंत्रांच्या ड्रॉइंगमध्ये सगळे मिलिमीटरमध्ये असते, आणि आपल्याकडचे सुतार व फॅब्रिकेशनवाले आजही इंच आणि सुतात बोलतात. एक इंच म्हणजे नेमके 25.4 मिलिमीटर, आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे 3.2 मिलिमीटर. दुकानदार ज्या दांडीला सहा सुताची म्हणतो ती 19 मिलिमीटरची. हे कोष्टक भिंतीवर लावून ठेवावे.

'इंग्रजी जमत नाही'

ही अडचण खरी आहे, पण वाटते तेवढी मोठी नाही. सुरुवातीच्या कामाला चाळीसेक आज्ञा लागतात आणि त्यांतल्या बऱ्याच कारखान्यात काम करणाऱ्याच्या तोंडात आधीपासून असतात. चॅम्फर मारणे, बोअर करणे, टॅप मारणे, स्लॉट काढणे हे टर्नर आणि फिटर रोज बोलतात. मेनूत हेच शब्द लिहिलेले असतात. त्यामुळे यंत्रावर हात बसलेल्या माणसाला कॅडची भाषा इंग्रजी माध्यमातल्या, पण वर्कशॉप न पाहिलेल्या मुलापेक्षा लवकर येते, असा माझा अनुभव आहे.

या शहरात तरी ही शंका थोडी विचित्र वाटते. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी 1890 साली येथे कलाभवन सुरू केले आणि त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे ते सोपवले, तेव्हा तांत्रिक शिक्षण लोकांच्या भाषेतून द्यावे हा गज्जरांचा आग्रह होता. ते कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशिक्षण शाखेत सामावले. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी यंत्ररेखाटन आणि रंगकाम देशी भाषेतून शिकवता येते असे मानणारी माणसे याच गावात होती. शिकवणाऱ्याला मराठीत किंवा गुजरातीत प्रश्न विचारायला लाजण्याचे म्हणूनच कारण नाही.

कोणते सॉफ्टवेअर, आणि पैसे किती

हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो, आणि त्याचे उत्तर तुम्हाला काय बनवायचे आहे यावर अवलंबून असते. घराचे नकाशे किंवा इंटीरियरची कामे करायची असतील तर ऑटोकॅडसारखे सपाट रेखाटनाचे सॉफ्टवेअर आधी शिकणे सोयीचे. यंत्राचे सुटे भाग करायचे असतील तर थेट त्रिमितीय पॅरामेट्रिक सॉफ्टवेअरवर यावे; आधी दोन वर्षे सपाट रेघा मारल्याच पाहिजेत हा समज आता जुना झाला. यंत्रनिर्मितीच्या लहान-मध्यम कारखान्यांत सॉलिडवर्क्स बरेच चालते, विमान आणि मोटार उद्योगात कॅटिया चालते. पण त्यांचे परवाने महाग असतात आणि पहिले सहा महिने त्यांची गरज नसते.

फ्रीकॅड पूर्ण मोफत आहे आणि व्यवसायासाठीही वापरता येते. ऑनशेप हे ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवरही जमते. मात्र त्याच्या मोफत योजनेत केलेली कामे इतरांना उघडपणे दिसतात, हे ध्यानात ठेवावे. ऑटोडेस्क कंपनीचे फ्यूजन वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापरासाठी मर्यादित स्वरूपात मोफत मिळते, आणि विद्यार्थ्यांना ती कंपनी आपली सॉफ्टवेअरे शिक्षणासाठी मोफत देते. एवढे मार्ग खुले असताना 'क्रॅक' टाकलेली प्रत वापरण्यात काही शहाणपणा नाही. तिच्यातून व्हायरस येतात हा एक भाग झाला, पण अशा प्रतीवर केलेले काम गिऱ्हाइकाला पाठवले तर कायदेशीर कटकट उद्भवू शकते.

क्लास लावायचा असेल तर फी विचारण्यापूर्वी तेथल्या जुन्या विद्यार्थ्यांनी स्वतः मोजून केलेल्या वस्तू दाखवा असे सांगावे. काही ठिकाणी पुस्तकातले तेच पन्नास तयार नमुने आज्ञांच्या क्रमाने गिरवून घेतात आणि प्रमाणपत्र देतात. असे शिकलेल्या मुलासमोर मोडलेला एखादा खरा भाग ठेवला की तो गडबडतो. ज्यांना दोन वर्षे देता येतील त्यांनी आयटीआयचा ड्राफ्ट्समन मेकॅनिकल हा अभ्यासक्रम आधी पाहावा. केवळ सॉफ्टवेअर येते म्हणून नोकरी मिळण्याचे दिवस राहिलेले नाहीत. ड्रॉइंग वाचता येते, यंत्रावर काय शक्य आहे ते कळते आणि शिवाय कॅडही येते, अशा माणसाला मागणी आहे.

वय झाले आहे, आणि आता एआय आले आहे

वयाबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. माउसवर हात स्थिर राहतो आणि डोळ्यांना चष्म्याने दिसते, तर अडचण नाही. चूक झाली तर कंट्रोल आणि झेड दाबून मागे येता येते आणि साहित्य वाया जात नाही.

एआयचा प्रश्न मात्र रास्त आहे. ओपनस्कॅड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आकार माउसने न काढता ओळी लिहून सांगतात, आणि अशा ओळी आजचे एआय साध्या वर्णनावरून लिहून देते. वरचा ब्रॅकेट त्याला सांगितला तर तो मिळेलही. प्रश्न राहतो तो पेचकसाचा. भिंत प्लास्टरची आहे की लाकडाची, स्क्रू कोणता हाताशी आहे, जड पडद्याने हात वाकेल का, हे सांगणारा आणि आलेला आकार तपासणारा माणूस लागतोच, आणि जो स्वतः दोन-चार वस्तू घडवून बसवू शकला आहे त्यालाच काय तपासायचे हे कळते. म्हणून एआय वापरायला हरकत नाही, पण पहिले काही भाग हाताने करावेत.

आकार तयार झाला. कारखान्याला काय द्यायचे

येथपर्यंत आलेला नवखा माणूस पडद्यावरचे चित्र मोबाइलवर पाठवतो आणि 'असे करून द्या' म्हणतो. त्यावर टर्नरचा पहिला प्रश्न असतो, 'टॉलरन्स किती?' टॉलरन्स म्हणजे मापात चालणारी घटबढ. अगदी नेमके 25 मिलिमीटर कुठलेच यंत्र कापू शकत नाही, म्हणून किती कमी-जास्त चालेल हे सांगावे लागते. पडद्याच्या कड्याला अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. पण त्याच 25 च्या भोकात फिरणारा शाफ्ट बसवायचा असेल तर ड्रॉइंगवर 25 एच7 असे लिहितात, आणि त्याचा अर्थ भोक 25.000 ते 25.021 मिलिमीटरच्या दरम्यानच असले पाहिजे असा होतो. एकवीस मायक्रॉनची ही पट्टी राखायला रीमर किंवा ग्राइंडिंग लागते आणि खर्च वाढतो. गरज नसताना बारीक टॉलरन्स लिहिणे ही शिकाऊ ड्राफ्ट्समनची नेहमीची खोड आहे, आणि काहीच न लिहिणे ही त्याहून वाईट.

दुसरी बाब दिशेची. भारतात ड्रॉइंग फर्स्ट अँगल पद्धतीने काढतात, म्हणजे वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येते. अमेरिकेत थर्ड अँगल चालते आणि तेथे ते वर येते. सॉफ्टवेअरमध्ये कोणती पद्धत निवडली आहे ते तपासले नाही आणि कागदावर त्याची शंकूची खूण टाकली नाही, तर दोन्ही बाजूंनी सारखा नसलेला भाग आरशातल्यासारखा उलटा बनून येऊ शकतो. मकरपुऱ्यात परदेशी ऑर्डरची कामे घेणाऱ्यांना दोन्ही प्रकारची ड्रॉइंग रोज हाताळावी लागतात, त्यामुळे ते ही खूण आधी बघतात.

तिसरी बाब फाइलची. प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या स्वतःच्या स्वरूपात फाइल साठवते, आणि ती दुसऱ्याकडे, कधी कधी तर त्याच सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या आवृत्तीतही, नीट उघडत नाही. एअरबसच्या ए-380 या प्रचंड विमानाच्या वेळी जर्मनीतल्या आणि फ्रान्समधल्या गटांकडे कॅटियाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या. जोडणीच्या वेळी शेकडो किलोमीटर लांबीच्या तारांचे जुडगे ठरलेल्या जागी बसेनात, 2006 साली कंपनीला विलंब जाहीर करावा लागला, आणि पहिले विमान ग्राहकाला सुमारे दोन वर्षे उशिरा मिळाले. आपल्या ब्रॅकेटवर एवढे काही अवलंबून नसते, तरी कारखान्याला स्टेप स्वरूपातली फाइल द्यावी. ती आयएसओ 10303 या मानकावर आधारलेली असून बहुतेक सर्व सॉफ्टवेअर ती उघडतात. तिच्याबरोबर मापे, टॉलरन्स, साहित्य आणि शंकूची खूण असलेले पीडीएफ ड्रॉइंग द्यावे. एसटीएल फाइल थ्रीडी प्रिंटिंगसाठी ठीक आहे, पण तिच्यात आकाराचे रूपांतर बारीक त्रिकोणांच्या जाळीत झालेले असते. तिच्यातले 26 चे भोक हे वर्तुळ राहत नाही, आणि त्यावरून टर्नरला किंवा व्हीएमसी (संगणकाने चालणारे कापणीयंत्र) चालवणाऱ्याला काम करणे जड जाते. प्रिंटच काढायचा असेल तर भोके किंचित लहान येतात हे धरून 26 च्या जागी 26.3 वगैरे लिहावे, आणि पूर्ण ब्रॅकेट छापण्याआधी नुसते कडे छापून त्यात दांडी घालून पाहावी.